एकसष्ट किलोचं बाकडं

पहार खांद्यावर बसली की हाड मोडल्याचा कडकन आवाज येईल असं वाटतं. तसा येत नाही. भरलेलं पोतं गाडीतून खाली टाकावं तसा दबका, जड आवाज येतो. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत तो मी चार पावलांवरून ऐकला. खांदा माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. पहार धरणारा हात आमच्या चुलत भावाचा. तिघेही एकाच आजोबांचे नातू.

दुसरा घाव दादाच्या गुडघ्यावर बसला. तिसरा बसला नाही, कारण मी मध्ये लोखंडी घडीची खुर्ची घातली. घाव खुर्चीवर आणि खुर्ची माझ्या तोंडावर. समोरचा एक दात तिथेच पडला. बाकीच्या सभासदांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. कुणीतरी काट्याचं वजन भिरकावलं, ते भिंतीवरच्या घड्याळाला लागलं. अध्यक्ष टेबलाखाली गेले होते आणि तिथूनच "शांतता राखा" म्हणत होते.

भांडण पाण्याचं होतं. नेकनूरच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी आमचा तलाव आहे. पालीच्या धरणाशेजारी ठेवला तर त्याला डबकंच म्हणावं लागेल. त्यात आजोबांची जमीन गेली, म्हणून आमच्या घराण्याला मासेमारीच्या संस्थेत सभासदत्व मिळालं. दादाने ते मनावर घेतलं आणि पाण्यावरच वाढला. मी शेती केली आणि दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर माप सांभाळलं. चुलत भाऊ गाळपेर करायचा. तलावाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, ती गाळपेर. त्याने गुरांच्या वैरणीसाठी मका पेरला होता आणि त्या मक्याला तलावात उरलेलंच पाणी मोटारीने ओढत होता.

याबाबत एक नियम होता. तो कागदावर नव्हता, पण सगळे पाळत आले होते. तलावातून पाणी सोडायच्या मोरीच्या मनोऱ्यावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. पाणी चारच्या आकड्याला टेकलं की सगळ्या मोटारी बाहेर काढायच्या. त्यानंतर उरतं ते मधल्या डोहातलं पाणी, ते माशांच्या बियाण्यासाठी. डोह राहिला तर पुढच्या वर्षी मासा राहतो. डोह गेला तर संस्थेची नुसती पाटी राहते.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. पाणी चारच्या खाली उतरलं आणि मोटारी चालूच राहिल्या. सभेत दादा उठून म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत मोटारी न्हाई निघाल्या तर मी सगळ्यांचे पाइप कापीन."

चुलत भाऊ म्हणाला, "तुझे चिलापी मासे जगवायला माझी जनावरं मारू का बे?"

"मार की. तशी बी तुझ्या दावणीला उपाशीच मरतेत."

एवढंच बोलणं झालं. पहार भिंतीला टेकून उभी होती. बाहेर खांब रोवायचे होते म्हणून कुणीतरी आणून ठेवलेली. ती तिथे नसती तर गोष्ट हाताबुक्क्यांवर निभावली असती, असं मला अजूनही वाटतं.

बीडला हाडांच्या डॉक्टरांनी दादाच्या खांद्यात स्टीलची पट्टी बसवली. उजवा हात छातीच्या वर जाईना. गुडघा निम्माच वाकू लागला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा दादा म्हणाला, "पाय घसरून पडलो." पोलीस गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "ज्या हातानं पहार मारली, तो हात मी मनगटापासून काढणार. कोर्टानं काढला तर मला काय मिळालं?"

तो बोलण्यापुरतं बोलणारा माणूस नाही. लहानपणी एका पिसाळलेल्या कुत्र्याला दगडाने ठेचीन म्हणाला होता आणि त्याच्यामागे डोंगर चढून जाऊन त्याने ते केलं होतं. आता तो ओट्यावर बसून रोज डाव्या हाताने कोयत्याला धार लावू लागला. दगडावर कोयता घासल्याचा आवाज आमच्या दोन्ही घरांत जायचा. मधली भिंत एकच आहे.

गावात तेव्हा टँकर येत होता. विहिरीत पाइप सोडून टँकर रिकामा करायचे आणि मग सगळे बादल्या टाकायचे. एकदा माझी वहिनी आणि चुलत भावाची बायको शेजारीशेजारी उभ्या होत्या. दोघींच्या बादल्या एकमेकींत अडकल्या. कुणी आधी दोर ओढला यावरून सुरुवात झाली आणि वहिनीने तिच्या कपाळावर रिकामी बादली मारली. कपाळ फुटलं. त्या बाईने रक्ताने भरलेल्या हाताने वहिनीचे केस धरून तिला काठावर वाकवलं. मी आणि आणखी एकाने मिळून वहिनीला मागे ओढली नसती तर ती विहिरीत गेली असती. खाली पाणी जेमतेम गुडघाभर, आणि त्याखाली खडक.

घरी आल्यावर वहिनीने स्वतःच्या ओरबाडलेल्या मानेला हळद लावली आणि मला म्हणाली, "भावजी, माझं हे असं, तर तुमच्या दादाचं काय होईल? ते कोयता घेऊन निघाले तर एक घर मसणात जाईल आन् दुसरं जेलात. तुमी ह्यांना कशात तरी गुंतवा."

"कशात गुंतवू, वहिनी? त्याला पाण्याबिगर काय येतंय?"

"मग पाण्यात गुंतवा."

आमच्याकडे मासे धरायला होडी नसते. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून तराफा करतात किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसतात आणि हातांनी पाणी मारत जातात. त्याला दोन खांदे आणि दोन गुडघे लागतात. दादाकडे आता दोन्ही एकेकच होते.

कयाक, म्हणजे एकदोन माणसांची अरुंद वल्ह्याची होडी, मला बीडच्या एका भंगारवाल्याच्या आवारात दिसली. एका मोठ्या धरणावर कुणीतरी पर्यटकांसाठी नौकाविहार सुरू केला होता. पाणी आटलं आणि सगळा विहार भंगारात आला. पिवळी, प्लास्टिकची, दोन्हीकडे टोकदार. लांबी तेरा फूट, मध्यावर रुंदी एकोणतीस इंच. पुढच्या भागात शिडाची काठी रोवायला भोक होतं; काठी आणि शीड मात्र नव्हतं. भोक बघूनच मी ती घेतली. चैत्र-वैशाखात आमच्या तलावावर दुपारी पश्चिमेचा वारा धरतो तो दिवे लागेपर्यंत सोडत नाही. ज्याला वल्हं मारता येत नाही त्याला वारा नेईल, असा माझा हिशेब होता.

ट्रॅक्टरवरून ती उतरवली तेव्हा दादाने तिच्याभोवती लंगडत एक फेरी मारली.

"ही काय तिरडी आणलीस का?"

"होडी हाय. शिडाची."

"ह्या पन्हाळीत बसायचं कुठं?"

प्रश्न बरोबर होता. तिच्यात बसायचं म्हणजे तळाला टेकून पाय सरळ लांब करायचे. दादा कसाबसा बसला, पण उठता येईना. मी आणि वहिनीने त्याला काखेत हात घालून उपसला तेव्हा खांद्यातली पट्टी दुखली आणि त्याने वहिनीला शिवी देऊन कोपराने ढकललं. ती तोल जाऊन खुंट्यावर पडली, उठली, आणि तिने त्याच्या चांगल्या गुडघ्यावर लाथ मारली.

शिवाय दुसरी अडचण. एवढ्या अरुंद होडीवर शीड लावलं की वाऱ्याचा एक झोत आला तरी ती कलंडणार, आणि बाजूने वाकून जाळं ओढायला लागलं तर वारा नसतानाही कलंडणार. दोन्हींवर उपाय एकच होता. बसायची जागा होडीच्या आत न ठेवता बाहेर काढायची. दोन्ही काठांच्या पलीकडे, पाण्याच्या वर, एकेक बाकडं. दोघे दोन बाजूंना बसले की तराजूची दोन पारडी होतात.

पहिली बाकडी मी चुकीची केली. मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या फळ्या होत्या, त्या कापल्या आणि होडीच्या काठाला भोकं पाडून बोल्टने बसवल्या. एकेक फळी अकरा किलो भरली. काठावर आणून पाण्यात ढकलली तर माणूस बसायच्या आधीच होडी तिरपी झाली, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी आत येऊ लागलं.

"नव्या होडीला भोकं पाडलीस?" दादा म्हणाला. त्याच्या डाव्या हातात हातोडी होती. ती त्याने माझ्या दिशेने फेकली. मी खाली वाकलो. हातोडी मागच्या लिंबाच्या खोडात अर्धा इंच रुतली. मी ती उपटून त्याच्या हातात परत दिली आणि म्हणालो, "आता डोक्यात मारायची तर मार, पर त्याच्या आदी भोकं बुजवू दे." त्याने हातोडी खाली ठेवली. चुलीत खुरपं लाल करून मी पिवळ्याच डब्याचं प्लास्टिक भोकांवर वितळवलं. वास इतका घाण होता की शेजारचे भांडायला आले.

दुसरी बाकडी बाजेसारखी केली. ती कल्पना दादाची. दोन आडवे वासे होडीवर टाकायचे, दोन्हीकडे बाहेर आलेल्या टोकांवर बांबूची चौकट करायची आणि ती बाज विणतात तशी विणायची. सुतळी भिजून कुजते, म्हणून जाळ्याची नायलॉनची दोरी घेतली. भोकं पाडायची नाहीत. वासे होडीला बांधायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळायच्या. रबर जितकं ताणावं तितकं घट्ट बसतं आणि लाटेला थोडं नमतंही. विणलेल्या बाकड्यातून पाणी खाली गळून जातं. वजन साडेतीन किलो.

विणकाम दादाने केलं. डाव्या हाताने ओढायचं आणि दाताने ताण धरायचा. दोरी ताणताना तो प्रत्येक फेऱ्याला चुलत भावाचं नाव घेऊन शिवी द्यायचा, आणि चुलत भाऊ भिंतीपलीकडून तितक्याच मोठ्याने परत द्यायचा.

"काय करतोस बे तिकडं? पाळणा?"

"तुझी तिरडी विणतोय!"

"माप घेऊन जा मग!"

वहिनी म्हणाली की निदान कोयत्याचा आवाज तरी थांबला. माझं तेवढंच काम होतं.

आता मापाचं सांगतो. दोघांची वजनं सारखी असती तर बाकडी सारखी केली असती. दादाला आणि मला मी संस्थेच्या मासे तोलायच्या काट्यावर उभं केलं. दादा चौऱ्याऐंशी किलो, मी एकसष्ट. काट्यावर उभा असताना दादा म्हणाला, "मला बर्फात घालून केजच्या बाजाराला धाडतोस का?" त्याचं बाकडं होडीच्या मधल्या रेषेपासून वीस इंचांवर ठेवलं. चौऱ्याऐंशी गुणिले वीस, सोळाशे ऐंशी. त्याला एकसष्टने भागलं की साडेसत्तावीस येतात. म्हणजे माझं बाकडं साडेसत्तावीस इंचांवर. एक बाजू आखूड, एक लांब. बघणाऱ्याला वाटावं की करणाऱ्याचा हात चुकला.

"तुझं कावून लांब?" दादाने विचारलं.

"मी हलका हाय म्हणून. मी लांब बसलो तरच तुझ्या जोडीला पुरतो."

"आन् तू उतरलास तर?"

"तर तू पाण्यात."

तो हसला. त्या वर्षात हसताना मी त्याला तेव्हाच पाहिला.

दादा उजव्या बाकड्यावर, दुखरा पाय पुढे लांब करून. त्याचा डावा हात मध्ये येतो, त्या हातात मागे बांधलेलं वल्हं, होडी वळवायला. मी डाव्या लांब बाकड्यावर, हातात शिडाचा दोर. शीड निळ्या ताडपत्रीचं, तिकोनी. पहिल्या दिवशी वारा भरला तेव्हा होडी अशी सुटली की माझ्या हाताची सालटं निघाली. दादा ओरडला, "सैल कर! सैल कर, धाकल्या!" पण आवाजात राग नव्हता. आम्ही डोहावरून तीनदा गेलो-आलो. जाळं टाकलं, काढलं. बाकड्यावर बसूनच तो एका हाताने जाळं ओढायचा आणि त्याच्या वाकण्याबरोबर मी माझ्या बाजूला मागे रेलायचो. होडी हलायची नाही. काठावर उभ्या असलेल्या सभासदांपैकी एकाने विचारलं, "आरं, बाजंवर बसून मासे धरायला लागलात का?"

तलाव मात्र दर दिवसाला आत जात होता. काठाची चिलापी चिखलात अडकून मरायची आणि कुत्री, कावळे, बगळे एकमेकांना फाडत तिच्यावर तुटून पडायचे. एका सकाळी आमचं जाळं कुणीतरी सुरीने उभं कापून ठेवलेलं सापडलं. त्याच दिवशी एका मोटारीची केबल कुणीतरी तोडली. ती आमच्यातल्या कुणी तोडली हे मला माहीत आहे. तो दादा नव्हता. मनोऱ्यावरचा दोनचा आकडा उघडा पडला. एकेक करून बाकीच्यांनी मोटारी काढल्या. चुलत भावाची तेवढी राहिली. त्याने ती चार पिंपांच्या तराफ्यावर बसवून डोहाच्या तोंडाशी नेली होती.

त्या दुपारी आम्ही जाळं काढायला निघालो. दादाने घडी केलेल्या गोणपाटाखाली काहीतरी सरकवलेलं मी पाहिलं, पण जाळं कापायची सुरी असेल असं धरलं. वारा चांगला होता. निम्म्या वाटेवर त्याने वल्हं फिरवलं आणि होडीचं तोंड मोटारीच्या तराफ्याकडे झालं.

"दादा, जाळं तिकडं हाय."

"म्हाईत हाय मला."

तराफ्यावर चुलत भाऊ आमच्याकडे पाठ करून पालथा झोपला होता. पाइपच्या तोंडाला शेवाळ अडकलं होतं. ते काढायला त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. मोटारीच्या आवाजात त्याला आमची चाहूल लागली नाही. मी शिडाचा दोर सोडून दिला. शीड फडफडू लागलं, पण होडीला वेग होता, ती जातच राहिली. दादाने गोणपाट झटकलं. खाली कोयता.

"दादा, ठेव ते. वहिनीची शपथ हाय तुला."

"तुझं तू दोर धर."

तराफा उजव्या बाजूला आला. दादाने वल्हं सोडलं, कोयता डाव्या हातात घेतला आणि चांगला पाय बाकड्याच्या चौकटीवर देऊन उभा राहिला. विणलेली दोरी करकरली. मी मागे रेलून टोकापर्यंत सरकलो होतो. त्याच्या उभं राहण्याला तेवढं लागतच होतं. तो ओरडला, "हात वर घे बे! पाण्यात मारला तर नीट न्हाई बसायचा!"

चुलत भाऊ वळला. भिजलेला हात त्याने पिंपाच्या कडेवर ठेवला, उठण्यासाठी. दादाने कोयता डोक्यावर नेला.

हिशेब करायला मला वेळ लागला नाही, तो आधीच केलेला होता. दोन्ही पाय वर घेतले आणि पाठीवर पाण्यात पडलो.

मी वर आलो तेव्हा होडी उजव्या कुशीवर उलटलेली होती. माझं लांब बाकडं आभाळाकडे गेलं होतं. पाणी माझ्या छातीइतकं, पण खाली गाळ. दोन्ही पाय पोटरीपर्यंत गाळात बसले होते आणि एक उपसायला गेलं की दुसरा आणखी खाली जात होता. दादा दिसत नव्हता. पाण्यावर निळी ताडपत्री पसरली होती आणि तिच्या खालून काहीतरी धडका मारत होतं. दुखरा पाय विणीत अडकला असणार. एका हाताने, ताडपत्रीखाली, त्याला वर येता येत नव्हतं. होडी माझ्यापासून दोन हातांवर होती आणि मी तिथपर्यंत पोचू शकत नव्हतो.

"धर त्याला!" मी चुलत भावाला ओरडलो. "मरंल त्यो!"

"मरू दे की! मला तोडायला आलता!"

पण असं म्हणत असतानाच त्याने उडी टाकली होती. तो थेट ताडपत्रीकडे गेला नाही. आभाळाकडे गेलेल्या माझ्या बाकड्याला लटकला, पूर्ण वजनाने. बाकडं लांब होतं म्हणूनच होडी फिरली. आखूड असतं तर फिरली नसती. होडी सरळ झाली तशी ताडपत्री उचलली गेली आणि दादा विणीत पाय अडकलेल्या अवस्थेत खालून वर आला, निळा-काळा, नाकातोंडातून गाळ वाहत असलेला. चुलत भावाने त्याला शर्टाच्या गळ्याला धरून तराफ्याशी आणलं आणि पाठीत बुक्क्या मारमारून पाणी काढलं.

पहिला श्वास आल्या आल्या दादाने त्याचा उजवा हात धरला आणि मनगटाला चावला. नुसता चावला नाही, धरूनच ठेवला. चुलत भाऊ असा किंचाळला की काठावरची गुरं उधळली. त्याने डाव्या हाताने दादाच्या तोंडावर ठोसे मारले. दादाने सोडलं नाही. भुवई फुटली, नाक फुटलं, तरी नाही. शेवटी दम संपल्यावर दात सुटले. तराफ्याच्या फळीवर दोघांचं रक्त एक होऊन पिंपाच्या बाजूने पाण्यात गळत होतं. मोटार चालूच होती.

"चावला बे मला," चुलत भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "माणूस हाय का कुत्रं?"

दादा तोंड पुसत म्हणाला, "कोयता बुडाला ना."

"आन् तू मुद्दाम पडलास ना बे?" चुलत भावाने मला विचारलं.

"हो."

दादाने माझ्याकडे पाहिलं. चुलत भावाने एका हाताने दोर फेकला आणि मला गाळातून उपसलं. चप्पल आणि चड्डी अजून तिथेच आहेत.

मोटार नंतर तिची तीच जळाली. पाण्याऐवजी गाळ ओढायला लागली होती. डोहात थोडं पाणी टिकलं. गढूळ, तळाला टेकलेलं, पण टिकलं. मका वाळला आणि चुलत भावाने निम्मी जनावरं छावणीला नेऊन बांधली. त्याचं मनगट सुजून मांडीएवढं झालं होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. गावात कुणी दादाला हात काढायच्या शपथेची आठवण करून दिली की तो म्हणायचा, "निम्मा काढला. निम्मा त्यानं मला वर काढला त्यात गेला." कोयत्याला पुन्हा धार लागली नाही. बुडालेला परत सापडला नाही आणि दुसरा त्याने आणला नाही.

माझ्याशी मात्र त्याने बोलणं सोडलं. घाव घालणाऱ्याशी तो बोलायचा, भिंतीवरून शिव्या द्यायचा, कधी विडी मागायचा. मी समोर आलो की उठून आत. वहिनी म्हणायची, "भावजी, त्यांना मारलेलं चालतंय. फसवलेलं न्हाई चालत." मी फसवलं असं मला वाटत नाही. तू उतरलास तर काय, हे त्याने विचारलं होतं आणि मी खरं उत्तर दिलं होतं. तशीच वेळ आली तर मी परत उतरेन.

पुढच्या पावसाळ्यात तलावात पाणी आलं. डोहातलं बियाणं पसरलं. दादाने फाटलेली वीण नव्याने विणली, ट्यूबच्या पट्ट्या बदलल्या. मी संस्थेच्या शेडपाशी उभा होतो तेव्हा त्याने होडी काठाला आणली. उजव्या बाकड्यावर तो बसणार होता. डाव्या, लांब बाकड्यावर, माझ्या जागी, वाळू भरलेलं पोतं आडवं बांधलं होतं.

शेडमध्ये काट्यावर वाळू सांडलेली होती. त्याने ती तोलूनच भरली होती. एकसष्ट किलो.

चुलत भाऊ काठावर गुरं पाजत होता. तो ओरडला, "भाऊ कुठाय बे तुझा?"

"बांधलाय. वाळू उठून जात न्हाई."

दोघे हसले. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष पोत्याकडे होतं. पोतं सुतळीचं होतं आणि बाकडं पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. लाट त्याच्यावर येणार. कोरडी वाळू एकसष्ट किलो असेल तर भिजलेली सत्तरच्या पुढे जाते, आणि साडेसत्तावीस इंचांवर तेवढा फरक होडी डावीकडे पाडायला पुरतो. डोहावर आता दोन पुरुष पाणी होतं.

दादा होडी ढकलून बाकड्यावर बसला होता. वारा शिडात भरायला लागला होता.

"दादा," मी ओरडलो, "वाळू भिजली की जड होती. दहा किलो काढ."

तो वळला नाही. होडी तशीच वीसएक हात गेली. पहिली लाट पोत्यावर चढली आणि पोतं काळं झालं. होडी डावीकडे कलली, थोडी, मग आणखी थोडी. दादाने शिडाचा दोर सैल सोडला, कमरेची सुरी काढली, पलीकडे वाकून पोत्याला एक चीर दिली. वाळू पाण्यात गळू लागली. तो मान तिरकी करून होडीकडे बघत बसला, आणि ती सरळ झाल्यावर त्याने चीर मुठीने दाबून धरली.

"आता?" तो मागे न वळता ओरडला.

"आता बरूबर हाय."

"मग तिथं उभा कावून हाईस बे? सुई-दोरा आण."